न उचलायचा नंबर

गेल्या वर्षी बावीस मार्चला, शनिवारी संध्याकाळी, पुंडलिकनगरातल्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात बैठक झाली. रक्कम होती चौसष्ट हजार नऊशे; पंचावन्न हजार मूळ आणि वर अठरा टक्के जीएसटी. हजर चौघं: ट्रस्टचे अध्यक्ष डॉक्टरसाहेब, डायलिसिसचा विभाग सांभाळणाऱ्या रेहाना सिस्टर, टेलिफोनची नवी व्यवस्था विकायला आलेला रोहित, आणि बिनपगारी खजिनदार म्हणून मी. विषय एका ओळीत मावेल एवढाच. दवाखान्याचे फोन टेलिफोन कंपनीला कोणत्या पद्धतीनं जोडायचे? मला वाटलं, चहा येईपर्यंत आटपेल. उन्हाळा सरत आला तरी आटपलं नाही.

यंदा पुन्हा उन्हं तापू लागली आहेत. सकाळी नऊलाच गच्चीवरच्या टाकीचं झाकण हाताला चटका देतं. गल्लीतला कडुनिंब फुलला आहे. त्याचा कडसर-गोड वास पहाटे खिडकीतून येतो आणि त्याच्या पाठोपाठ जेसीबीची घरघर. रस्ता पुन्हा खणला आहे. मोठ्या जलवाहिनीचं काम. कडेला टाकलेल्या पाइपांत शेजारची पोरं तोंड घालून एकमेकांची नावं पुकारतात आणि प्रतिध्वनी ऐकून खिदळतात. पाइप पाहिला की लोकांना पाणी आठवतं. मला टेलिफोन आठवतो, आणि डोकं तापतं.

कारण गेल्या वर्षी याच खोदकामात आमच्या दवाखान्याची तार तुटायची. जोडली की तुटायची. खणणाऱ्या ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणायचा, "तार आमच्या नकाशात नाय." टेलिफोनच्या कचेरीत विचारलं तर म्हणायचे, "खड्डा आमच्या नकाशात नाही." दोन्ही नकाशे मी पाहिले. दोघंही खरं बोलत होते.

आता दवाखान्याला फोन एवढा का लागतो, ते सांगायला हवं. आमच्याकडे डायलिसिसच्या नऊ खुर्च्या आहेत. ज्यांच्या किडन्यांनी काम सोडलं, ती माणसं आठवड्यातून दोनदा येऊन चार-चार तास त्या खुर्चीत बसतात, आणि यंत्र त्यांचं रक्त धुऊन देतं. एका माणसाच्या एका बैठकीला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं, आणि तेवढं शुद्ध करायला त्याहून पुष्कळ कच्चं. ज्या शहरात नळाला पाणी आलं की सणासारखी धावपळ आणि सणासारखीच भांडणं होतात, त्या शहरात हे पाणी टँकरनं येतं. म्हणजे उन्हाळ्यात पाणी मोजून, खुर्च्या मोजून, माणसं मोजून. एक खुर्ची रिकामी राहिली तर पाणी वाया. म्हणून न आलेल्याची खुर्ची प्रतीक्षेतल्या माणसाला लगेच द्यायची, हा नियम.

आणि माणूस येणार की नाही, हे कसं कळायचं? मिस कॉलवरून. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला माहीत नाही. गावाहून निघताना दवाखान्याला एक मिस कॉल: निघालो. लागोपाठ दोन: गाडी मिळाली नाही, उशीर होतोय, खुर्ची राखा. काहीच नाही: येत नाही. पहाटे रेहाना सिस्टर टेबलावरच्या फोनची नंबरपट्टी बघत बसायच्या. एक घंटा वाजायची, थांबायची. "हं, पळशीवाले निघाले." पुन्हा एक. "हे चिकलठाण्याचे." त्या खोलीत दिवे मंद असायचे, यंत्रं नुकती चालू केलेली, औषधी वास, बाहेर टँकरच्या पाइपातून टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज, आणि मधूनमधून ती अर्धवट घंटा. फुलंब्रीच्या मुनीरभाईंना मी एकदा म्हणालो होतो, "आता तर बोलणं फुकट आहे हो, फोन उचलू द्या की." मुनीरभाई तिथं टेलरकाम करतात, साठीचे आहेत, जीभ कात्रीसारखी. म्हणाले, "फुकट हाय म्हणून काय सकाळी सकाळी सिस्टरचं डोकं खायचं? निघालो एवढंच सांगायचंय. त्याला बोलायला कशाला पाहिजे?"

बैठकीकडे येतो. रोहित गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरे बूट, तोंडात "सर". त्यानं समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. फोनवर दोन गोष्टी चालतात. एक आपलं बोलणं. दुसरी, बोलण्याआधीची आणि नंतरची कुजबुज: अमक्या नंबरवरून कुणीतरी आलंय, घंटा वाजवू का, उचलला, ठेवला. या कुजबुजीचे नियम म्हणजे सिग्नलिंग. आमच्याकडे जुनी पीआरआय होती: तांब्याच्या तारेवरून बोलण्याच्या तीस वाटा आणि कुजबुजीची वेगळी एक. कुण्या दात्यानं भरभराटीच्या काळात बसवून दिलेली. तीस माणसं एकाच वेळी बोलावीत एवढी माणसंच आमच्याकडे नाहीत. नवी पद्धत सिप. तीच कुजबुज, पण इंटरनेटवरून, साध्या मजकुरात. वाटा हव्या तेवढ्या घ्या.

डॉक्टरसाहेबांनी मोबाइलवर काहीतरी वाचलं होतं. "मग या कंपन्या आपसात ती एसएस सेव्हन की काय वापरतात, तीच आपण का घ्यायची नाही? मुळातच जोडून टाकू."

"घेता येईल सर," रोहित गंभीरपणे म्हणाला, "फक्त आधी तुम्हाला टेलिफोन कंपनी काढावी लागेल."

रेहाना सिस्टर पदराआड हसल्या. डॉक्टरसाहेबांनी चष्मा पुसला आणि पुढचं माझ्यावर सोपवलं.

मी आकडे मांडले. पीआरआयचं भाडं महिन्याला सात हजार ऐंशी, तार तुटलेली असली तरी. सिपच्या आठ वाटांचे तीन हजार तीनशे चार. फरक तीन हजार सातशे शहात्तर. टेलिफोनच्या नव्या यंत्राचे चौसष्ट हजार नऊशे दीड वर्षात वसूल. वीज गेली तर काय, इंटरनेट गेलं तर काय, हे विचारलं. बॅटरी आणि दुसऱ्या कंपनीची जोडणी, अशी उत्तरं मिळाली. जुना नंबर नव्या कंपनीकडे नेता येईल का? नाही. मोबाइलचा नेता येतो, दवाखान्याचा नाही. का नाही, याचं उत्तर रोहितजवळ नव्हतं, टेलिफोनच्या कचेरीत नव्हतं, आणि माझी खात्री आहे की जगात कुठंच नाही.

"आणि सर, सगळ्यात भारी गोष्ट," रोहित शेवटी म्हणाला, "कॉल आधी आमच्या क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, उचलला जातो. पहिल्या घंटेच्या आत. पेशंटला थांबावंच लागत नाही."

सगळ्यांना ते आवडलं. कुणाला आवडणार नाही?

एप्रिल नव्या नंबरात गेला. गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या बटणांच्या फोनमध्ये नंबर बदलायचा म्हणजे नातवंडं लागतात, आणि नातवंडं सुट्टीत मामाकडे. रेहाना सिस्टर खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाचा फोन मागून घ्यायच्या, स्वतः नंबर घालायच्या, नाव टाकायच्या. बाहेर उन्हानं डांबर मऊ व्हायचं. घरी कूलरच्या वाळ्याचा वास, ड्रमात शिल्लक पाण्याची रोजची हजेरी. बायको म्हणायची, "घरच्या टाकीत किती पाणी आहे ते विचारा कधी. सदा त्या फोनच्या वाटा मोजताय." मी मोजतच होतो. आठ पुरतील का दहा घ्याव्यात, यावर मी दोन रविवार घालवले. आजही त्या आकड्याला कुणी बोट लावू शकणार नाही. आठ अगदी बरोबर होत्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात सोमवारी दुपारी नवी व्यवस्था सुरू झाली. मंगळवारी पहाटे मी वाळूजच्या कंपनीत, माझ्या हिशेबाच्या नोकरीवर, जायच्या आधी टँकरवाल्याचे पैसे द्यायला दवाखान्यात थांबलो होतो. रेहाना सिस्टर नव्या पडद्यासमोर बसलेल्या. पडदा कोरा. "आज कुणीच निघालं नाही की काय?" त्या म्हणाल्या. जवळचे दोघं-तिघं तर येऊन बसले होते. बाकीचेही एकेक पोचले, पण मुनीरभाईंचा पत्ता नव्हता, पडद्यावर त्यांचा नंबर नव्हता. साडेसहाला नियमाप्रमाणे त्यांची खुर्ची वाळूजहून रात्रपाळी करून थेट आलेल्या, प्रतीक्षेतल्या एका तरुणाला दिली. सुया लागल्या, यंत्र सुरू झालं.

सातला मुनीरभाई जीपमधून उतरले. शुक्रवारनंतर थेट मंगळवार, म्हणजे त्यांचा आठवड्यातला लांबचा खंड. पाय घोट्यापर्यंत सुजलेले, चप्पल हातात. दारात उभं राहून त्यांनी आपली खुर्ची पाहिली.

"सिस्टर, ये क्या? मिस कॉल दिया था नं मैं."

"नाय आला चाचा. मी इथंच बसलेय."

"दोन दिले! एक निघताना अन् एक सावंगीजवळ, जीप थांबली तवा. तुमच्या फोनमधी कोणतरी बाई बोलायली. स्वागत हाय म्हणे. मी घाबरून काटलं. पैसे जातेत का काय."

खुर्चीतला तरुण ओशाळून म्हणाला, "चाचा, उठलो असतो हो. पण सुई लागली."

"बस रे बेटा. तुझं बी रक्तच हाय, काय शरबत नाय."

रेहाना सिस्टरनी तिथल्या तिथं आपल्या मोबाइलवरून दवाखान्याचा नंबर लावला आणि मला ऐकवला. घंटा अर्धीसुद्धा वाजली नाही. आतून एका बाईनं साखरेच्या आवाजात स्वागत केलं आणि मराठीसाठी एक दाबायला सांगितलं. सिस्टरनी कापला. पडद्यावर काहीच उमटलं नाही. उमटणार कसं? यंत्राच्या लेखी तो फोन उचलला गेला होता, पाहुणचार झाला होता, पाहुणा आपणहून निघून गेला होता.

दुसऱ्या पाळीचे नऊ जण ठरलेले होते आणि पाणी नऊ जणांपुरतंच. दहाव्यासाठी आणखी एक टँकर हवा होता. मी कंपनीत रजा कळवली आणि टँकरवाल्याच्या मागे लागलो. मुनीरभाईंना आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ते बाकावर ताठ बसून राहिले. डॉक्टरसाहेब दोनदा तपासून गेले, दुसऱ्यांदा जरा घाईनं. पंख्याखाली गरम वारा नुसता फिरत होता. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "काळेसाहेब, कॉलर उलटी करून घ्या. अजून एक वर्ष निघंल या शर्टाचं." त्यांचा श्वास ऐकू येत होता, शिलाई मशीन अडखळत चालावी तसा. टँकर दोनला आला. तीन वाजून गेल्यावर ते खुर्चीत बसले, आणि चारच्या सुमारास त्यांचा श्वास खाली उतरला तेव्हा मी टँकरवाल्याचे पैसे द्यायला उठलो.

त्यानंतरच्या दिवसांत रेहाना सिस्टर पहाटे उठून एकेका पेशंटला स्वतःच्या मोबाइलवरून विचारत बसल्या. कुणी जीपच्या घरघरीत, कुणाला ऐकू येत नाही, कुणाचा फोन सुनेजवळ. मिस कॉलच्या एका घंटेचं काम दोन-दोन मिनिटं ओरडून होत होतं.

शनिवारी पुन्हा बैठक. रोहितनं रंगीत कागद आणला होता. डॉक्टरसाहेबांनी मोठ्यानं वाचला: "आलेले कॉल उचलण्याचं प्रमाण शंभर टक्के. मिस कॉल, शून्य." आणि त्यांनी मनापासून म्हटलं, "वा!" रोहितनं मान लववली.

"तेच तर विचारते साहेब," रेहाना सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. "शून्य झाले कसे? आधी पहाटेला पंधरा-सोळा यायचे. माणसं तीच हायत. कुठं गेले ते?"

"मॅडम, मिस कॉल म्हणजे हुकलेले कॉल. ते कमी झाले, हे चांगलंच आहे ना?"

"तुमच्याकडं हुकलेले असतील. आमच्याकडं ते आलेले असतेत."

मुनीरभाईंची खुर्ची त्या मंगळवारी का गेली, ते मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं. त्यांनी तो कागद उपडा ठेवला.

मग सुरू झाला खरा छळ. रोहितचं म्हणणं, बाईचा आवाज बदलून देतो, हवा तर पुरुषाचा देतो. मी म्हणालो, आवाज नको, घंटा हवी. तो म्हणाला, घंटा किती वेळ वाजू द्यायची? मी म्हणालो, समोरचा कापेपर्यंत. मग उचलायचा कुणी? कुणी नाही. त्यानं वरिष्ठांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला. वरिष्ठ इंग्रजाळलेल्या हिंदीत म्हणाले की न उचलायचा नंबर असा प्रकार त्यांच्या कंपनीत नाही. उचलायच्या नंबरांचे चार प्रकार आहेत. मी विचारलं, रुपये घेऊन काहीच करायचं नाही, यात अडचण काय आहे? ते म्हणाले, तपासून सांगतो. डॉक्टरसाहेब म्हणाले, सरळ जुन्या पीआरआयवर जाऊ; तिथं घंटा आपल्या टेबलावर वाजायची. खरं होतं. पण ती तार त्याच आठवड्यात पुन्हा तुटली होती, आणि तुटलेल्या तारेवर मिस कॉलही येत नाही. एका पद्धतीत घंटाच पोचत नव्हती आणि दुसरीत वाजायच्या आत गळा धरत होती. यातून निवड करायची, आणि ती करणारा माणूस मी, ज्याच्या घरचा फोन बायको लावून देते.

रात्री जेवताना मी चिडून हे सगळं घरी सांगितलं. बायको भाकरी वाढत म्हणाली, "अहो, त्या क्लाउडला आधी उचलायला सांगितलं कुणी? आपल्या दारापर्यंत येऊ द्या ना कॉल." तिनं हे अगदी सहज म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न रोहितला विचारला. तो म्हणाला, "होतं सर तसं. सिप सरळ तुमच्या यंत्रात आणता येतं. क्लाउड मधून काढावं लागेल. पण असं कुणी मागत नाही."

मेच्या अखेरीस त्यांचा एक अभियंता लॅपटॉप घेऊन आला. अबोल माणूस. त्यानं क्लाउड बाजूला केलं, नंबर आमच्या यंत्रात उतरवला आणि नुसता वाजत राहील असा लावला. बोलण्यासाठी दुसरा नंबर घेतला. पेशंटच्या फोनमधला नंबर आम्ही बदलू दिला नाही. एप्रिल पुन्हा काढायची कुणाची ताकद नव्हती. मग त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. "बघा, आत काय चालतं ते." रेहाना सिस्टरनी मिस कॉल दिला. पडद्यावर ओळी उमटल्या. पहिली इन्व्हाइट. मग रिंगिंग. मग कॅन्सल.

मी बराच वेळ त्या तीन शब्दांकडे बघत बसलो. आम्ही सगळ्यांनी दोन महिने बोलण्याच्या वाटा मोजल्या होत्या. आठ, दहा, तीस. आणि आमची माणसं बोलतच नव्हती. ती त्या कुजबुजीतच आपलं काम उरकत होती. कंपन्यांनी दार ठोठावण्यासाठी केलेले नियम, आणि यांनी ठोठावण्यातच सगळा निरोप बसवला: निघालोय, उशीर होतोय, खुर्ची राखा. कुणाचा पैसा खर्च न करता, कुणाची झोप न मोडता. टेलिफोनच्या जगात हा कॉल लागलाच नाही असं धरतात. त्याचं बिल होत नाही, म्हणून तो हिशेबात नाही. माझं सगळं आयुष्य हिशेबात गेलं. जे बिलात नाही ते घडलंच नाही असं मानणाऱ्या कागदांवर मी सह्या करत आलोय. तरीही त्या दिवशी मला राग त्या कागदांचाच आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

यंदाही पहाटे टँकरवाल्याकडे जाताना मी दवाखान्यात डोकावतो. दिवे मंद, पाणी पडतंय. टेबलावर वेगळा ठेवलेला फोन एकदा वाजून थांबतो. नवीन आलेल्या एका परिचारिकेनं पहिल्या दिवशी तो उचलला. पलीकडून मुनीरभाईंचा आवाज: "कोन बाई तुम्ही? उचलला कशाला? ठेवा! सिस्टरला समजलं पाहिजे मी जीपमधी बसलो." ती घाबरून म्हणाली, "मग आता सांगू का त्यांना?" "नको. मी परत मारतो." आणि त्यांनी परत मारला. रेहाना सिस्टरनी नंबर बघितला आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर चादर अंथरली.

गेल्या आठवड्यात रोहितच्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला, बोलायच्या नंबरवर. म्हणाली, सर, तुमच्या एका नंबरवर गेल्या जूनपासून एकच कॉल जोडला गेलाय, तोही काही सेकंदांचा, वापरात दिसत नाही, बंद करून पैसे वाचवू या का? मी म्हणालो, नको. तिनं कारण विचारलं. सांगायला लागलो असतो तर बावीस मार्चपासून सांगावं लागलं असतं. मी एवढंच विचारलं की वर्षाचं भाडं एकदम भरलं तर चालेल का. चालतं म्हणाली. दरमहा दोनशे पन्नास, जीएसटी पंचेचाळीस, बारा महिन्यांचे तीन हजार पाचशे चाळीस. सोमवारी भरले, त्याच कंपनीला.